लाल ऑइल सगळ्यांना चालत नाही

मालवणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतून २०१९ सालची ऑटोमॅटिक एसयूव्ही सेकंडहँड घेतली. ७४,००० किलोमीटर झालेत. होमस्टेच्या पाहुण्यांना स्टेशनवरून, एअरपोर्टवरून आणायला-सोडायला वापरतो. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं म्हटलं तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, लाइफटाइम आहे, बदलायचं नसतंच. बाजारातला ऑइलवाला म्हणतो, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) न्या, सगळ्या ऑटोमॅटिकला तेच जातं. आणि वाडीतला मेस्त्री म्हणतो, "जुना ऑइल काढलात तर गिअरबॉक्स बसतलो, हात लावू नकात." कोणाचं ऐकू आणि कुठलं ऑइल टाकू?

तिघांपैकी मेस्त्रीच्या बोलण्यात थोडं तरी तथ्य आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. आधी तुमचीच एक चूक. गाडी पांढरी आहे, सनरूफ आहे, टायर नवे घातलेत, हे सगळं तुम्ही लिहिलंत. गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते लिहिलं नाहीत. कणकवलीत हायवेला लागून माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. येणारं गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगतं आणि ऑइल कुठलं ते विचारतं. इंजिन ऑइलच्या बाबतीत तेवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. गिअरबॉक्सच्या बाबतीत नाही भागत. किया सेल्टॉसच घ्या. २०१९ मध्ये ती आली तेव्हा १.५ पेट्रोलला सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या जातीचा आयव्हीटी, १.५ डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलातून पुढे देणारा) आणि १.४ टर्बो पेट्रोलला सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचांचा गिअरबॉक्स होता. नाव एक, बाहेरून पत्रा एक, आणि आत तीन वेगळे ऑटोमॅटिक. तिघांची ऑइलं वेगळी. बलेनो ऑटोमॅटिक आधी सीव्हीटी होती, २०२२ च्या मॉडेलपासून एएमटी झाली, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्र टाकतं. "बलेनो ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हटल्यावर दुकानदार काय देणार?

तेव्हा आधी गिअरबॉक्स ओळखा. लिव्हरला पी म्हणजे पार्किंग नसेल आणि नुसतं आर, एन, डी किंवा ए, एम असेल तर आपल्याकडच्या गाड्यांत तो बहुतेक एएमटी. पी असेल तर उरले तिघे. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज एका जागी चढून राहतो आणि गाडी मागून रेंगाळत वेग घेते, अगदी स्कूटरसारखी, तर सीव्हीटी. गिअर पडतोय हे आरपीएमच्या काट्यावर स्पष्ट दिसतं, ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडल्यावर गाडी मऊ सरकते, तर टॉर्क कन्व्हर्टर. गिअर खटाखट पडतात, पण मुंगीच्या पावलाने चालवताना किंचित धक्के देते, तर ड्युअल क्लचचा संशय घ्या. हे झाले अंदाज. आरसी बुकावर बऱ्याचदा मॉडेलच्या नावापुढे व्हेरियंट छापलेला असतो, तो बघा. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गाडीचं पुस्तक. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात पडलेलं असतं, त्यात मागच्या बाजूला ऑइलांचा आणि किती लिटर लागतं त्याचा तक्ता असतो. सेकंडहँड गाडीत ते पुस्तक नसलं तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा. चेसिस नंबर टाकला की ऑइलचा पार्ट नंबर समोर येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आता एवढी चिकित्सा कशाला, तेल ते तेल. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइलला मुख्यतः दातांमध्ये वंगण घालायचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये त्याच ऑइलला चार नोकऱ्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑइलच्याच प्रवाहातून पुढे जाते. गिअर बदलणारे व्हॉल्व्ह ऑइलच्या दाबावर हलतात. आतल्या क्लचप्लेटा ऑइलात बुडून पकडतात. आणि या सगळ्याची उष्णता वाहून न्यायची तीही ऑइलनेच. यातली प्लेटांची नोकरी फार अवघड. पकडायला हवं, पण हिसका न देता. किती घसरायचं आणि कुठे घट्ट धरायचं हे ऑइलात घातलेली रसायनं ठरवतात आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या प्लेटांना जुळेल असं मिश्रण करून घेतलेलं असतं. म्हणून टोयोटाचं डब्ल्यूएस वेगळं, ह्युंदाई-कियाचं एसपी-४ वेगळं, होंडाचं डीडब्ल्यू-१ वेगळं.

हे रसायन पूर्वी कुठून यायचं सांगू? स्पर्म व्हेलच्या तेलातून. व्हेलची उलटी पकडली म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या बातम्या येतात ना, तोच प्राणी. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एटीएफमध्ये त्याचं तेल घालत. लुप्त होत चाललेल्या प्राण्यांसाठीचे कायदे आले, ते तेल बंद झालं आणि ऑइल कंपन्यांना प्रयोगशाळेत पर्याय शोधत बसावं लागलं. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन-२ हे एटीएफ त्याच काळातलं.

चुकीचं एटीएफ पडलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, हीच त्यातली मेख. कुडाळचं एक गिऱ्हाईक सहा गिअरची ऑटोमॅटिक घेऊन आलं. तक्रार अशी की साठ-सत्तरच्या स्पीडला, हलका पाय ठेवला की गाडी थरथरते. "रंबल स्ट्रिपवरून चालल्यासारखी वाटता ओ." व्हील बॅलन्सिंग दोनदा करून झालं होतं, इंजिन माउंटिंगही बदललं होतं. मी शेजारी बसून हायवेला गेलो. सत्तरला थरथर सुरू झाली, त्याला म्हटलं, आता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. थरथर त्या क्षणी थांबली. ब्रेक कळला की टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून धरणारा) सुटतो, आणि थरथरत तोच होता. चार महिन्यांपूर्वी कुठेतरी "युनिव्हर्सल" एटीएफ घातलं होतं. योग्य ऑइल तीनदा बदलून घातल्यावर ती गाडी सुधारली. नशीबवान म्हणायचा, उशीर झाला असता तर टॉर्क कन्व्हर्टर उतरवावा लागला असता. (हा डाव्या पायाचा प्रयोग रिकाम्या रस्त्यावर आणि शेजारी जाणता माणूस असतानाच करायचा.)

आणखी एक चकवा म्हणजे नंबरांचा. डेक्सरॉन-३ च्या जुन्या गाडीत डेक्सरॉन-६ चालतं, कंपनीनेच तसं सांगितलंय. म्हणून लोकांना वाटतं, पुढचा नंबर म्हणजे सुधारलेला माल, मागच्याला चालणारच. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या गिअरबॉक्सला एसपी-३ लागतं, त्यात एसपी-४ घालायचं नाही. टोयोटाच्या टी-४ च्या जागी डब्ल्यूएस नाही. डब्ल्यूएस पातळ आहे, ज्या गिअरबॉक्ससाठी बनलं तिथे ते उत्तम.

आता ऑइलवाल्याचा लाल रंग. तो नुसता रंग आहे, दुसरं काही नाही. गळती कुठून होते ते ओळखू यावं, इंजिन ऑइलशी घोटाळा होऊ नये, म्हणून घातलेला. लाल एटीएफ आहे, लाल पॉवर स्टिअरिंग ऑइल आहे आणि काही कंपन्यांचं कूलंटसुद्धा लालच. कोकम आगळ आणि लाल सरबत एका बाटलीत भरून ठेवलं तर रंगावरून कोण ओळखणार? सीव्हीटीच्या ऑइलांत तर हिरवी आहेत, पिवळट आहेत, लालही आहेत. सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ घालणं हा माझ्या मते यातला सगळ्यात महागडा मूर्खपणा. तिथे स्टीलचा पट्टा स्टीलच्याच पुलीला धरून ताकद पोचवतो. त्या दोन धातूंमध्ये पकड राहील असं खास ऑइल लागतं. एटीएफ घातलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि एकदा पुली ओरखडली की कितीही चांगलं ऑइल घाला, ती परत गुळगुळीत होत नाही. युनिव्हर्सलचा डबा हातात घेतलात तर मागची यादी चष्मा लावून वाचा. तुमच्या पुस्तकातलं नाव त्यात असेल तर विचार करा. पण "सूटेबल फॉर" म्हणजे ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं असतं आणि "अप्रूव्हड" म्हणजे गाडीवाल्या कंपनीचं, एवढा फरक लक्षात ठेवा. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचला मी कंपनीच्याच डब्याशिवाय घालत नाही. लिटरमागे चार-पाचशे वाचवून लाखाचा गिअरबॉक्स पणाला लावायचा, हा हिशेब मला कधी जमला नाही.

एएमटीवाल्यांची गंमत उलटी. २०१४ मध्ये सेलेरिओत ती आपल्याकडे पहिल्यांदा आली आणि आता आमच्या भागात निम्म्या वॅगनआर तशाच दिसतात. मालक म्हणतो ऑटोमॅटिक, दुकानदार देतो एटीएफ. मुळात एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर एक यंत्र बसवलेलं. गिअरबॉक्सला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. वरच्या हायड्रॉलिक यंत्राचं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी, त्यात ब्रेक ऑइल किंवा दुसरं काही ओतायचं नाही. ड्युअल क्लचचंही असं आहे की कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि ओल्या क्लचचं वेगळं. तिथे अंदाज चालवू नका.

मॅन्युअलवाले म्हणतील, आमचं बरं, आम्हाला कसली भानगड नाही. आहे. गिअर ऑइलचे दोन दर्जे असतात, डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५, बघा. मागच्या आंब्याच्या हंगामात देवगडचा एक पिकअपवाला आला. पेट्या भरून घाट चढायचा, दोन दिवसांआड. पहाटे थंड गाडीत दुसरा गिअर टाकला की करकर. क्लच नवा होता. गिअर ऑइल "चांगल्यातलं" घातलं होतं, जीएल-५. जीएल-५ वाईट ऑइल नाही. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये दात एकमेकांवर घासत-सरकत फिरतात, तिथे तेच लागतं. पण गिअर टाकताना दोन चाकांचा वेग जुळवणारी जी पितळी रिंग असते, तिला ऑइल थोडं कापत पकडायचं असतं. जीएल-५ तिला पकडू देत नाही, घसरवतं. त्यातलं गंधक पितळ खातं हे पूर्वीचं, हल्लीच्या बऱ्याच ऑइलांत तो दोष कमी झालाय, पण घसरण्याचं काय? जीएल-४ घातलं आणि करकर दोन दिवसांत गेली. उलट चूक करून डिफरेन्शियलमध्ये जीएल-४ घातलंत तर तिथले दात जातील. म्हणजे एकाच पिकअपला दोन डबे. जाडी पुस्तकात असेल ती: ७५डब्ल्यू-८० लिहिलंय तर ७५डब्ल्यू-८०. "कोकणात गरम होतं, जाड घाला" या सल्ल्याने पहाटेचा गिअर जड होतो, बाकी काही मिळत नाही. आणि ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका, एवढं बोलून हा विषय सोडतो.

लाइफटाइमवर येऊ. कोणाचा लाइफटाइम, हे त्या सर्व्हिस सेंटरवाल्याला विचारा. पुस्तकात बहुतेक दोन तक्ते असतात, एक नेहमीच्या वापराचा आणि एक खडतर वापराचा. डोंगराळ रस्ते, धूळ, भरपूर वजन, सतत थांबत-चालत जाणं, हे सगळं खडतरमध्ये धरलेलं असतं. आता तुमची गाडी आठवा. फोंडाघाट नाहीतर करूळ, पाच पाहुणे आणि त्यांच्या बॅगा. गणपतीला तर हायवेवर मुंबईपासून रांगत यायचं. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते, आणि त्याच गाड्यांच्या शोरूममध्ये लाइफटाइम ऐकायला मिळतं. ऑइल उष्णतेने मरतं. धंद्यातला अंदाज असा की नेहमीच्या तापमानापेक्षा दर दहा अंश वर गेलं की आयुष्य निम्मं. त्यात पाहुणे गाडी तारकर्लीच्या वाळूत घालतात. चाक रुतलं की डी टाकून ॲक्सिलरेटर, आर टाकून ॲक्सिलरेटर. चाक जागेवर, आणि सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल ढवळून तापवण्यात जाते. पाच मिनिटांत जे जळतं ते घाटाच्या दहा फेऱ्यांत जळत नाही. त्यापेक्षा टायरची हवा कमी करा, दोरी लावा, माणसं बोलवा. टॉर्क कन्व्हर्टरचं ऑइल मी इथल्या गाड्यांना ५०,००० ते ६०,००० ला बदलतो, सीव्हीटीचं ४०,००० ला. पुस्तकातला खडतर वापराचा आकडा याहून कमी असेल तर तो पाळायचा.

आता तुमचा मेस्त्री. जुनं ऑइल काढल्यावर बसलेले गिअरबॉक्स त्याने पाहिले असतील, मीही पाहिलेत. प्लेटा आधीच झिजलेल्या असतात. त्यांची पूड ऑइलात तरंगत असते आणि त्या खरखरीत ऑइलामुळेच त्या कशाबशा पकडत असतात. गाडी झटके देऊ लागली की मालक ऑइल बदलतो, पकड जाते, आळ ऑइलावर येतो. दीड लाख किलोमीटर ऑइल न बदललेली, घसरणारी गाडी आली तर मीही मालकाला लिहून देऊन मगच हात लावतो. तुमची ७४,००० ची, तक्रार काही नाही म्हणता. तिला मेस्त्रीचा नियम लागत नाही. फक्त मशीनने दाब देऊन फ्लश करू देऊ नका. नुसता ड्रेन नट काढला की निम्म्याच्या आसपासच ऑइल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. तेवढंच काढा, तेवढंच नवीन घाला, हजारभर किलोमीटर चालवा, परत तेच. दोन-तीनदा केलं की बहुतेक नवं होतं आणि गिअरबॉक्सला धक्काही बसत नाही. चेंबर, म्हणजे खालचा ऑइलचा ट्रे, उघडलं तर आतलं लोहचुंबक बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण लागले तर पुढचं बोलणं ऑइलाचं नाही.

पाण्याची वेगळी कथा. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा लोक इंजिनात पाणी गेलं का एवढंच बघत होते. गिअरबॉक्सला हवा ये-जा करायला वर एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स कॉजवेवरच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. पूरच हवा असं नाही, ओढ्याचं गुडघाभर पाणी आणि त्यात पाच मिनिटं बंद पडलेली गाडी पुरे. गेल्या पावसाळ्यात अशी एक माझ्याकडे टोचन करून आली. ड्रेन नट काढला आणि ट्रेमध्ये चक्क सोलकढी पडली. तोच गुलाबी रंग, तसाच दाटपणा, वर फेस. पोऱ्या म्हणाला, "भात आणतंय." एटीएफमध्ये पाणी मिसळलं की असंच दिसतं. रेडिएटरमधला गिअर ऑइलचा कूलर आतून फुटून कूलंट मिसळला तरी हेच दिसतं, म्हणून पूर न लागलेल्या गाडीत सोलकढी दिसली तर आधी रेडिएटर तपासा. प्लेटांचं अस्तर कागदासारख्या मालाचं, गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी पिऊन ते सुटतं. अशी गाडी चालवत गॅरेजला आणायची नाही, सुरूसुद्धा करायची नाही.

ऑइलच्या लेव्हलबद्दल थोडक्यात. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांना गरम गिअरबॉक्स, सपाट जागा आणि इंजिन चालू, पण होंडाला इंजिन बंद करून लगेच बघायचं. हल्लीच्या गाड्यांना डिपस्टिक नसतेच, स्कॅनर लावून ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की लेव्हलचा नट उघडतात आणि तो आकडा गाडीगणिक वेगळा. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका, माझ्याकडे सुद्धा २०१५ पर्यंत नव्हता आणि तोवर मी अशा गाड्या परत पाठवत होतो.

तुमच्यासाठी क्रम असा. चेसिस नंबरवरून ऑइलचा पार्ट नंबर लिहून आणा. डबे स्वतः घ्या, सील बघा, बिल ठेवा. निघालेलं ऑइल मापात ओतून मोजायला लावा आणि वासही घ्या, करपलेल्या फोडणीसारखा आला तर मला परत लिहा. आणि गाडी लिफ्टवर चढली की मेस्त्रीला सांगा, खालचा ड्रेन नट सोडायच्या आधी भरायचा नट सुटतो का बघ. मालवणच्या खाऱ्या हवेत तो पाच वर्षांत असा गंजतो की पान्याखाली गोल होतो. आमच्याच पोऱ्याने एकदा सगळं ऑइल खाली काढलं आणि मग कळलं की वरचा नट हलतच नाही. ती गाडी चतुर्थीच्या आदल्या दिवशी लिफ्टवर रिकाम्या पोटी अडकली, आणि तिचा मालक खाली गणपतीचा पाट हातात घेऊन उभा.